‘नो चेंज’ म्हणजे काय, हे कोण सांगणार?

मोबाइलच्या पडद्यावर दोनच शब्द आले : नो चेंज.

मुलगी माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. तिचे वडील दारातच उभे होते, कारण खाली रिक्षा उभी होती. ठाकुर्ली स्टेशन ते नव्वद फुटी रस्ता, हा त्यांचा धंदा. तीन आठवडे ही मुलगी रोज सकाळी वडिलांचा फोन घेऊन आपला नंबर टाकत होती आणि रोज ‘अंडर प्रोसेस’ वाचून फोन परत देत होती. त्या दिवशी ‘अंडर प्रोसेस’ गेले आणि ‘नो चेंज’ आले. तिने मला विचारले, “टीचर, नो चेंज म्हणजे पेपर परत तपासला आणि मार्क तेवढेच आले, की कोणी उघडून पाहिलाच नाही?”

मला उत्तर देता आले नाही. मी वर्षानुवर्षे उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला मूल्यमापनाचा पेपर दिला आहे, पुढे स्वतः उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत. तरीही त्या दोन शब्दांमागे काय घडले, हे मी त्या मुलीला सांगू शकले नाही. कारण पडद्यावर ते लिहिलेलेच नव्हते.

कोणती परीक्षा, कोणते कार्यालय, कोणते वर्ष, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या कारकुनाला किंवा परीक्षकाला पकडण्यासाठी हा लेख नाही. माझे भांडण त्या दोन शब्दांशी आहे, आणि ते ऐकल्यावर दारातून आणि शेजारून जी दोन वाक्ये आली, त्यांच्याशीही आहे.

वडील म्हणाले, “टीचर, मैं तो पहलेच बोला था, जाने दो. नसीब में जितना था उतना मिला.”

जिन्यातल्या शेजाऱ्याने वर आणखी एक ठेवून दिले, “अपना नाम देख के काटते हैं, और क्या!”

एक वाक्य सगळे नशिबावर टाकते, दुसरे सगळे दुश्मनीवर. दोन्हींमध्ये पेपर बघण्याची गरज उरत नाही. आणि आपल्या मोहल्ल्यांत दर वर्षी निकालानंतर हीच दोन वाक्ये फिरत असतात.

सगळ्याला एकच शब्द : रिचेकिंग

आपली बहुतेक मुले राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बसतात, म्हणून तिथली पद्धत आधी समजून घेऊ. ठाणे जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतो, विभागाचे कार्यालय वाशीला आहे. २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि १४ ते २८ मे या काळात ऑनलाइन अर्ज घेतले गेले. अर्ज कशासाठी? पालक म्हणतात, “रिचेकिंगसाठी.” पण रिचेकिंग नावाची गोष्टच तिथे नाही. तिथे तीन वेगळे दरवाजे आहेत.

पहिला गुणपडताळणीचा. विषयाला ५० रुपये. यात उत्तर बरोबर की चूक, हे कोणी बघत नाही. सगळ्या उत्तरांना गुण दिले आहेत ना, एखादे पान तपासायचे राहिले नाही ना, बेरीज बरोबर आहे ना, एवढेच बघतात.

दुसरा छायाप्रतीचा. विषयाला ४०० रुपये. आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत आपल्या हातात येते.

तिसरा पुनर्मूल्यांकनाचा. विषयाला ३०० रुपये. इथे उत्तरे पुन्हा तपासली जातात. पण दुसऱ्या दरवाजातून गेल्याशिवाय तिसरा उघडत नाही. आधी छायाप्रत घ्यायची आणि ती मिळाल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करायचा.

आता बघा काय होते. घरातला मोठा भाऊ किंवा नाक्यावरचा सायबरवाला ५० रुपयांचा अर्ज भरून देतो. घरी सगळे समजतात, पेपर पुन्हा तपासायला गेला. काही आठवड्यांनी उत्तर येते, बदल नाही. त्याचा खरा अर्थ एवढाच की बेरीज बरोबर होती. घरात त्याचा अर्थ होतो, ‘पुन्हा तपासला तरी तेवढेच दिले, म्हणजे मुद्दामच.’ एका विभागाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडले जाते आणि त्यातून एक कायमचा संशय जन्माला येतो. तो संशय पुढे धाकट्या भावंडांनाही वारशाने मिळतो.

हा गैरसमज दूर करायला किती खर्च आहे? अर्जाच्या पडद्यावर तीन ओळी. ‘तुम्ही गुणपडताळणी मागितली आहे. यात उत्तरे पुन्हा तपासली जात नाहीत. ती तपासून हवी असतील तर आधी छायाप्रत मागवा.’ मराठीत, उर्दूत, हिंदीत. पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, ठळक अक्षरांत.

सातशे रुपये आणि पाच दिवस

एका विषयाचे पुनर्मूल्यांकन म्हणजे ४०० अधिक ३००, सातशे रुपये. दोन विषय असतील तर चौदाशे. तीन असतील तर एकवीसशे. ज्या घरात निकालाच्या महिन्यातच अकरावीचा प्रवेश, बस-लोकलचा पास आणि धाकट्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उभा असतो, तिथे एकवीसशे रुपये ‘बघू या वाढतात का’ म्हणून टाकायचे नसतात. म्हणून वडील एकाच विषयावर बोट ठेवायला सांगतात, आणि कोणत्या विषयावर ठेवायचे हे पेपर न बघताच ठरवावे लागते.

पैशांपेक्षा जास्त छळतात ते पाच दिवस. छायाप्रत हातात आल्यावर ती वाचायची कोणी? रिक्षावाल्या बापाने? उर्दू माध्यमातल्या मुलीचा मराठीचा पेपर असेल, तर घरात मराठी वाचणारी ती एकटीच असते. विषयाचा शिक्षक बघेल म्हणावे, तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. शिक्षक गावी. आमच्यापैकी अनेकांची गावे कोकणात, मराठवाड्यात, काहींची थेट उत्तर प्रदेशात. जूनच्या मध्याला शाळा उघडते तोवर मुदत कधीच गेलेली असू शकते.

क्लास लावलेल्या मुलाला ही अडचण येत नाही. त्याचे सर फोनवर प्रत मागवून तासाभरात सांगतात, ‘चौथ्या प्रश्नात दोन मिळायला हवेत, टाक अर्ज.’ म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, मुदत सारखी, शुल्क सारखे. आणि तरीही दरवाजा एकालाच उघडतो. ही असमानता कोणी कट करून केलेली नाही. पण ती दर मे-जूनमध्ये घडते आणि तिच्याकडे बघायला कोणी तयार नाही, हेही खरे.

त्यात घड्याळ दोन्ही बाजूंनी चालते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. गुणवत्ता यादीत एकेका गुणाने कॉलेज बदलते. नापास झालेल्या मुलाची गोष्ट आणखी बिकट. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा जूनच्या अखेरीस सुरू झाली. पेपर पुन्हा तपासला जाईल म्हणून वाट बघायची, की पुरवणीचा फॉर्म भरून अभ्यासाला लागायचे? हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाने ‘अंडर प्रोसेस’ या दोन शब्दांकडे बघून सोडवायचा असतो.

हा हक्क आपोआप आलेला नाही

उत्तरपत्रिका बघायला मिळते, ही आज साधी गोष्ट वाटते. ती साधी नव्हती. या लढाईतला एक मोठा खटला आपल्याच राज्य मंडळाविरुद्ध झाला होता. मंडळाच्या विनियमांत गुणांची पडताळणी करून मिळण्याची सोय होती, पण उत्तरपत्रिका बघायला किंवा पुन्हा तपासून घ्यायला मनाई होती. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. परितोष कुर्मारशेठ खटला म्हणून तो ओळखला जातो. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की परीक्षेला लाखो मुले बसतात, निकालाला कुठेतरी अंतिमता हवी, आणि शिक्षणातल्या जाणकारांनी केलेल्या नियमांत न्यायालयाने सहसा हात घालू नये.

पुढे सत्तावीस वर्षे गेली. मधल्या काळात, २००५ साली, माहितीचा अधिकार आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे, आणि परीक्षार्थ्याला ती बघण्याचा, तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. अर्थात ती जपून ठेवण्याची मुदत संपलेली नसेल तोवरच. २०१९ साली कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात न्यायालयाने हेही मान्य केले की संस्थेने प्रतीसाठी स्वतःचे वेगळे शुल्क ठेवले असले, तरी माहिती अधिकाराच्या कायद्यातून आणि त्याच्या शुल्कात प्रत मागण्याचा रस्ता बंद होत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. प्रतीला पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. वीस पानांची उत्तरपत्रिका धरली तर चाळीस रुपये, अर्जाचे दहा, असे पन्नास. तीच प्रत दुसऱ्या रस्त्याने चारशेला.

मग सगळ्यांनी स्वस्त रस्त्याने का जाऊ नये? कारण माहिती अधिकाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, आणि तीस दिवसांत प्रवेशाची गाडी दोन स्टेशने पुढे गेलेली असते. स्वस्त रस्ता मंद, जलद रस्ता महाग. ठाकुर्लीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. इथे फास्ट लोकल थांबतच नाही.

याच कायद्यातले एक कलम मात्र मला सगळ्यांना सांगावेसे वाटते. कलम ४, पोटकलम १, खंड ‘ड’. सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे त्या निर्णयाने बाधित होणाऱ्या माणसांना दिली पाहिजेत. मागितल्यावर नव्हे, आपण होऊन. सोळा वर्षांच्या मुलीच्या पुनर्मूल्यांकनाचा निर्णय तिला बाधित करतो की नाही? करतो. मग ‘बदल नाही’ हे कारण आहे का? नाही. तो निष्कर्ष आहे. कारण मागे कुठेतरी राहिले.

ऑनलाइन म्हणजे उघड नव्हे

‘आता सगळे ऑनलाइन आहे, पारदर्शक आहे,’ असे मला सहकारी शिक्षक सांगतात. मला हे दोन शब्द एका दमात उच्चारलेले आवडत नाहीत. पूर्वी खिडकीवर जावे लागे. ठाकुर्लीहून धीम्या लोकलने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने वाशी, रांग, आणि मग ‘अजून आलेले नाही’. आज तेच ‘अजून आलेले नाही’ घरबसल्या मिळते. प्रवास वाचला, दिवसाची कमाई वाचली, हे मी मान्य करते. बाईमाणसाला आणि एकट्या मुलीला तर ही मोठीच सोय आहे. पण खिडकीपलीकडे निदान एक माणूस होता. त्याला विचारता येई, ‘साहेब, म्हणजे नेमके काय?’ पडद्याला विचारता येत नाही.

आणि यंत्र आले की न्याय आला, हे तरी कुठे खरे आहे? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने घाईघाईने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. आपल्या कल्याण-डोंबिवलीतली पदवीची मुलेही त्यात होती. निकाल महिनोन्‌महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारी आल्या, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज तुंबले, बाहेर प्रवेश मिळालेली मुले निकालपत्राविना बसून राहिली. त्या वर्षी ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. यंत्रातून चूक जास्त वेगाने आणि जास्त व्यवस्थित दिसते, एवढा धडा आपण त्यातून घ्यायला हवा होता.

मग पुनर्मूल्यांकनाच्या निकालाच्या पडद्यावर काय हवे? मी शिक्षिका आहे, मोठ्या गोष्टी मागत नाही.

एक, अर्ज कोणत्या प्रकारचा होता, पडताळणी की पुनर्मूल्यांकन, हे शब्दांत.

दोन, तारखा. उत्तरपत्रिका कधी बाहेर काढली, कधी तपासली, निर्णय कधी झाला. ‘अंडर प्रोसेस’ ही तारीख नाही. आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत लागेल, हे अर्ज घेतानाच.

तीन, प्रश्नवार तक्ता. पहिल्या तपासणीत किती, दुसऱ्या तपासणीत किती. गुण तेवढेच राहिले तरी हा तक्ता हवा. तेव्हा तर जास्तच हवा.

चार, ज्या प्रश्नांवर हरकत घेतली होती, तिथे एका ओळीचे कारण. ‘दुसरा मुद्दा उत्तरात नाही.’ ‘लिंगवचनाच्या चुका.’ परीक्षकाच्या डोक्यात हे कारण असतेच, फक्त लिहायचे आहे.

पाच, गुण वाढले तर भरलेले शुल्क अर्ज न करता परत, आणि वाढलेले गुण प्रवेशाच्या यादीत आपोआप. चूक दुरुस्त झाल्याची बातमी मुलाने कागद घेऊन दारोदार सांगायची नाही.

‘मुले लाखो आहेत हो, मॅडम’

यावर ठरलेले उत्तर माझ्या कानावर आधीच आले आहे. दहावीला पंधरा लाखांहून जास्त मुले बसतात. प्रत्येकाला कारणे लिहीत बसलो तर निकाल दिवाळीला लागेल. आधीच शिक्षक परीक्षेच्या कामाने वाकलेले आहेत.

शिक्षकांच्या बाजूने मी कोणाहीपेक्षा जोरात बोलेन. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात गठ्ठे उपसले आहेत मी. एका पेपरमागे मिळणारे मानधन चहा-वड्यापुरते असते, मुदत डोक्यावर असते, घरी स्वतःच्या मुलांचीही परीक्षा असते. शेवटच्या वीस पेपरांना पहिल्या वीस पेपरांइतका ताजा डोळा मिळत नाही, हे प्रत्येक परीक्षकाला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. म्हणूनच तर वर नियामक असतो, त्याच्या वर मुख्य नियामक असतो. चूक होणार, हे धरूनच ही उतरंड रचली आहे. मग जिथे मुलाला चूक दिसते, तिथे आपण इतके का बिचकतो?

आणि कारणे पंधरा लाखांना लिहायची नाहीत. जी मुले शुल्क भरून, प्रत वाचून, नेमक्या प्रश्नांवर बोट ठेवून अर्ज करतात, तेवढ्यांनाच लिहायची आहेत. ती संख्या मूळ संख्येचा छोटा भाग असणार. तीनशे रुपये घेऊन एक ओळ लिहिता येत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. सीबीएसईत एकेका प्रश्नासाठी शुल्क भरून फेरतपासणी मागता येते. म्हणजे प्रश्नवार विचार करणे प्रशासनाला अशक्य नाही.

‘अंतिमता हवी’ हा मुद्दा मी मानते. निकाल अनंत काळ उघडा ठेवता येत नाही. पण अंतिमता आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायाधीश निकाल देतो तो अंतिम असतो, आणि तो कारणांसह असतो. कारण कळले की हरलेला माणूसही घरी जाऊन झोपतो. कारण कळले नाही की जिंकलेलाही साशंक राहतो.

आता आपल्याकडे

इथपर्यंत वाचून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांनी पुढचेही ऐकावे.

‘नाव बघून कापतात.’ हे वाक्य मी आपल्या वस्त्यांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता कोण बोलले ते आठवत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. बारकोड असतो, बैठक क्रमांक होलोक्राफ्ट स्टिकरखाली झाकलेला असतो. परीक्षकासमोर फक्त अक्षर येते. उर्दू माध्यमाचे इतिहास-विज्ञानाचे पेपर तपासायला उर्दू जाणणारेच शिक्षक लागतात, म्हणजे आपल्यातलेच. तिथे कोण कोणाचे नाव बघून कापणार?

मराठीच्या पेपरात अंदाज येऊ शकतो, हे मी नाकारत नाही. ‘माझी पुस्तक हरवली’ असे वाचले की परीक्षकाला कळत असेल की घरी उर्दू किंवा हिंदी बोलतात. उर्दूत नपुंसकलिंग नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून आमची मुले पुस्तकालाही ‘माझी’ म्हणतात. ‘ळ’ उर्दूच्या तोंडात नाही, म्हणून बाळाचा बाल होतो. त्या ओळखीतून एखाद्याचा हात आखडत असेल का? असेलही. माणूस आहे. पण हे ठरवायचे कसे? जिन्यात उभे राहून नाही ठरत. प्रत मागवून ठरते. ज्या उत्तराला गुण कापले, ते उत्तर समोर ठेवून ठरते. भेदभाव झाला असेल तर त्याचा पुरावा त्या पानावर आहे, आणि झाला नसेल तर त्याचाही पुरावा त्याच पानावर आहे. जो समाज पान न उघडता निकाल देतो, तो त्या ‘नो चेंज’ लिहिणाऱ्यापेक्षा वेगळे काय करतो?

आणि ‘नसीब’. तकदीरवर आमचा ईमान आहे, पण तदबीर करून झाल्यावर तकदीरचे नाव घ्यायचे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनीच शिकवले. बेरजेत सुटलेले चार गुण हे नसीब नसते, ती चूक असते. चुकीला नसीब म्हणणे ही दीनदारी नव्हे, तो आळस आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी ५० रुपयांचा अर्जही भरला नाही. ‘छोड़ो, कौन झंझट में पड़े.’ मुलाने त्यानंतर शिकणे सोडले. तो आज मुंब्र्याला एका मोबाइलच्या दुकानात आहे, चांगले कमावतो. पण आजही त्याला वाटते की आपल्यावर अन्याय झाला. झाला होता की नाही, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. मला त्याच्या गुणांपेक्षा हे जास्त लागते.

आपल्याकडे परिसंवाद कमी होत नाहीत. २००६ च्या सच्चर अहवालावर मी स्वतः किमान डझनभर भाषणे ऐकली आहेत. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समिती झाली, तिच्याही अहवालावर ऐकली. गळती, मागासलेपण, टक्केवारी, सगळे पाठ झाले आहे. पण निकालाच्या आठवड्यात मुलाशेजारी बसून ‘हा अर्ज भरायचा, तो नाही’ एवढे सांगणारा माणूस मोहल्ल्यात एकही नसतो. गुणवंतांच्या सत्कारासाठी हॉल मिळतो, शाल मिळते, ट्रॉफी मिळते, बिर्याणीची देगही चढते. ज्याचे गुण कमी पडले त्याच्यासाठी सातशे रुपये मिळत नाहीत.

म्हणून माझी मागणी सरकारकडे जितकी आहे, तितकीच आपल्या जमातींकडे, ट्रस्टकडे, शाळांकडे आहे. निकाल लागला की पंधरा दिवस एक टेबल मांडा. मशिदीच्या कार्यालयात मांडा, शाळेत मांडा, ग्रंथालयात मांडा. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, आणि पाळीने बसणारे तीन शिक्षक : एक मराठी-उर्दूचा, एक गणित-विज्ञानाचा, एक इंग्रजीचा. ज्याची प्रत येईल त्याची त्याच दिवशी वाचून द्या. शुल्कासाठी छोटा निधी ठेवा. जकातीतून चालेल का, हा मसला उलेमांना विचारा. इमदाद आणि लिल्लाहच्या पैशाला तर कोणाची मनाई नाही. आणि हे टेबल सगळ्यांसाठी ठेवा. कचोरे, खंबाळपाडा, चोळेगावातल्या बिगर-मुस्लिम रिक्षावाल्याच्या मुलाचीही अडचण हीच आहे. तोही आपल्याइतकाच त्या पाच दिवसांत सापडलेला आहे.

शाळांनी एवढे करावे : दहावीच्या वर्गाला फेब्रुवारीतच एक तास हे तीन दरवाजे समजावून सांगावेत. परीक्षेला कसे बसायचे हे आपण वर्षभर शिकवतो. परीक्षेला प्रश्न कसा विचारायचा, हे कधीच शिकवत नाही.

त्या मुलीच्या पेपरात काय होते?

वाचकाला हे कळले पाहिजे, म्हणून लिहिते. तिची प्रत मी अर्जाआधी पाहिली होती. सहाव्या पानावर पत्रलेखन होते. ‘माझी पुस्तक’ होते, ‘तो झाड’ होते, ‘मला जायचा आहे’ होते. परीक्षकाने तिथे गुण कापले होते, आणि बरोबर कापले होते. मीही कापले असते. निबंधाला मी दोन गुण जास्त दिले असते, आणि एका आकलनाच्या उत्तराला एक. तेवढ्यासाठीच आम्ही अर्ज केला होता. दुसऱ्या परीक्षकाला तसे वाटले नसेल. भाषेच्या पेपरात असे होते. ‘नो चेंज’ कदाचित योग्यच असेल.

हीच तर माझी तक्रार आहे. योग्य निर्णयसुद्धा त्या दोन शब्दांनी संशयास्पद करून टाकला. ‘निबंधात मुद्दे आहेत, पण परिच्छेद नाहीत, आधीचे गुण कायम’ एवढे लिहिले असते, तर बापाला नसीब आठवले नसते, शेजाऱ्याला नाव आठवले नसते, आणि मुलीला आपला पेपर पुन्हा कोणीतरी वाचला, हे कळले असते. आपले लिहिलेले कोणीतरी वाचले, ही खात्री सोळाव्या वर्षी फार मोठी असते.

ती आता कॉमर्सला आहे. प्रत तिने माझ्याकडेच ठेवली. नंबर झाकून मी ती नव्या दहावीच्या वर्गात वाचायला देते. ‘माझी पुस्तक’वर मुले हसतात, मग आपापल्या वह्या उघडून शोधतात, आणि दर वेळी चार-पाच जणांच्या वहीत तीच पुस्तक निघते. चारशे रुपयांचा तो कागद मला एखाद्या मार्गदर्शक पुस्तकापेक्षा जास्त कामाला येतो.

पुढच्या मे महिन्यात निकाल लागेल. ज्यांना वाटते की मुलाचे गुण चुकले, त्यांनी जिन्यात उभे राहून बोलू नका. आधी छायाप्रत मागवा. आल्यावर घेऊन या. सुट्टीत मी ठाकुर्लीतच असते.